उतारावरचं घर, दोन कुटुंबं आणि खालची खोली

उताराच्या जागेवर दोन कुटुंबांसाठी एक घर बांधायचं आहे असं समजा. कागद घ्या आणि नकाशा काढायला बसा. पहिल्या अर्ध्या तासातच प्रश्न येतो: घर आडवं कापायचं की उभं?

आडवं कापलं तर खालचा मजला एका कुटुंबाचा आणि वरचा दुसऱ्याचा. हे स्वस्त पडतं, सोपंही पडतं. पण सपाट जमिनीवर खालचा मजला म्हणजे अंगण, आणि उतारावर खालचा मजला म्हणजे पाठीला डोंगर. त्या बाजूला खिडकी काढता येत नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपत येऊन त्याच भिंतीला टेकतं, म्हणून ओलही तिथेच येते. वरच्या कुटुंबाला मात्र ऊन, वारा आणि दरीचा देखावा मिळतो. एकाच घरातली दोन कुटुंबं, पण त्यांचं हवामान वेगळं.

उभं कापलं तर दोघं शेजारी शेजारी राहतात. तळाची ओल, मधला उजेड आणि वरचं आकाश दोघांच्याही वाट्याला येतं. वाटणी न्याय्य होते, पण जिने दोन बांधावे लागतात आणि प्रत्येक कुटुंबाला दिवसभर वर-खाली करावं लागतं.

१९२७ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात, एकाच टेकडीवर आणि एकाच रस्त्यालगत दोन मोठ्या वास्तुकारांनी हे कोडं सोडवलं. दोघांनीही घर उभंच कापलं. पुढे मात्र त्यांची उत्तरं एकमेकांपासून खूप लांब गेली.

वाडग्यातलं शहर

श्टुटगार्ट वाडग्यासारखं आहे. मध्ये शहर आणि चारही बाजूंनी द्राक्षमळ्यांचे चढ. चढांवरच्या वस्त्यांना जोडणाऱ्या शेकडो दगडी पायऱ्यांच्या वाटा आजही वापरात आहेत. इथल्या लोकांना उतारावरचं घर नवीन नव्हतं. नवीन होती ती 'आधुनिक माणसाने कसं राहावं' ही चर्चा.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. डॉइचर वेर्कबुंड या कारागीर, उद्योजक आणि वास्तुकारांच्या संघटनेने 'घर' याच विषयावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चित्रं आणि मॉडेलं मांडून भागणार नव्हतं, खरी घरं बांधायची होती. किलेसबेर्ग टेकडीवरची वाइसेनहोफ ही जागा शहराने दिली. सूत्रधार होते मीस फान डेर रोह. १७ वास्तुकारांनी मिळून २१ इमारती उभारल्या आणि त्यांत ६० हून अधिक घरं होती. जुलै १९२७ मध्ये प्रदर्शन खुलं झालं आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत सुमारे ५ लाख लोक ते बघून गेले.

मीसच्या सुरुवातीच्या कल्पनेत घरं पायऱ्यांसारखी एकमेकांत गुंतून उतारावरून खाली येत होती. शहराला मात्र पुढे स्वतंत्र विकता येतील असे प्लॉट हवे होते. मग घरं सुटी झाली. टेकडीच्या माथ्यावर मीसने स्वतःची लांबलचक अपार्टमेंट इमारत ठेवली आणि तिच्या खाली बाकीची घरं विखुरली. खालच्या अंगाला, आज ज्याला राटेनाउश्ट्रासे म्हणतात त्या रस्त्यालगत, आपल्या गोष्टीतली दोन जुळी घरं आहेत.

पहिलं उत्तर: ल कॉर्बुझिए

पहिलं घर ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांचं. पुढे चंडीगड उभं करणारे हेच ते दोघे. जानरे तर चंडीगडमध्ये १९६५ पर्यंत राहिला. श्टुटगार्टला साइट सांभाळायला आल्फ्रेड रोट हा तरुण स्विस वास्तुकार होता.

रस्त्यावरून पाहिलं तर घर एकच वाटतं. खाली पोलादी बारीक खांब आणि त्यांवर पांढरी पेटी. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकीची एकच आडवी पट्टी. एका कुटुंबाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे बाहेरून कळत नाही. याच कामाच्या निमित्ताने ल कॉर्बुझिएने 'नव्या वास्तुकलेची पाच सूत्रं' प्रसिद्ध केली: खांबांवर उचललेलं घर, गच्चीवरची बाग, भिंतींच्या बंधनातून सुटलेला नकाशा, आडवी खिडकी आणि भार न पेलणारा दर्शनी भाग.

उतारावर ठेवून पाहिली की ही सूत्रं फॅशन वाटत नाहीत. माणसांनी राहायचं ते वरच्या मजल्यावर, कारण खालची जागा अंधारी आणि ओली असते. उतारामुळे सपाट अंगण मिळत नाही, म्हणून अंगण गच्चीवर नेलं. भार खांबांवर गेल्यामुळे दरीकडची भिंत मोकळी झाली, म्हणून सगळा देखावा एका पट्टीत मावला. जिने टेकडीच्या बाजूला, म्हणजे पाठीमागे ढकलले, जेणेकरून पुढची उजेडाची जागा त्यांनी खाऊ नये. इथपर्यंत इंजिनिअर म्हणून दाद द्यावीशीच वाटते.

खरी गंमत मधल्या मजल्यावर आहे. दिवसा तिथे एक मोठा दिवाणखाना असतो. रात्री सरकत्या भिंती ओढल्या की त्याच्याच झोपायच्या खोल्या होतात. पलंग दिवसा काँक्रीटच्या कपाटांखाली सरकवून ठेवायचे. या भागाच्या कडेने एक बोळ जातो, रेल्वेच्या डब्यातल्यासारखा अरुंद, एका माणसाला जेमतेम पुरेल इतका. म्हणजे दिवसा बैठकीचा डबा आणि रात्री स्लीपर. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला टाइम-शेअरिंग म्हणता येईल: तीच जागा दोन कामं आळीपाळीने करते.

मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. त्याच दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला चाळी बांधत होतं. त्याही काँक्रीटच्याच होत्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची. सकाळी गाद्यांची वळकटी भिंतीला लागायची, दुपारी तिथेच पंगत बसायची आणि रात्री पुन्हा अंथरुणं पडायची. टाइम-शेअरिंग तेच, फक्त त्याला सरकत्या भिंती नव्हत्या आणि सिद्धांतही नव्हता. फरक इतकाच की चाळीत ते गरजेपोटी होतं आणि श्टुटगार्टला आदर्श म्हणून मांडलं होतं.

आता खाली, घराच्या तळाशी, उताराच्या मातीला लागून असलेल्या मजल्यावर येऊ. तिथे धुणं-धुण्याची जागा होती, घर गरम ठेवायची भट्टी होती आणि मोलकरणीची खोली होती.

इथे मी थबकतो. घर उभं कापल्यामुळे दोन्ही कुटुंबांना सारखा न्याय मिळाला, हे खरं. पण उताराची ओल आणि अंधार त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो कुणाला तरी द्यावाच लागतो. दोन कुटुंबांमधली असमानता मिटवली आणि ती प्रत्येक घराच्या आत सरकवली. वर गच्चीवर बाग आणि वाचनाची खोली, मधे देखावा, तळाशी भट्टीशेजारी तिसरं माणूस. शिवाय मधल्या मजल्यावर रोज संध्याकाळी भिंती ओढायच्या, पलंग बाहेर काढायचे आणि सकाळी परत आत ढकलायचे, हे काम कोण करणार होतं? मोलकरीण गृहीत धरलेल्या घरात या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरं उत्तर: योझेफ फ्रांक

त्याच रस्त्यावर थोडं पुढे योझेफ फ्रांकचं जुळं घर आहे. फ्रांक व्हिएन्नाचा, आणि या प्रदर्शनातला एकटा ऑस्ट्रियन वास्तुकार. त्याच्या घराचंही छप्पर सपाट आणि भिंती साध्या. बाहेरून तोही 'आधुनिक' पंथाचाच वाटतो. आत गेल्यावर मात्र प्रेक्षक चमकायचे. उशा, फुलाफुलांचं कापड, पडदे आणि सहज उचलून हलवता येतील अशा हलक्या खुर्च्या. काही सहकारी वास्तुकारांनी नाकं मुरडली आणि या घराला अश्लील टोपणनावंही मिळाली.

फ्रांकच्या नकाशात दिवसाची आणि रात्रीची खोली एकच नाही. बसायची खोली मोठी आणि बाहेरच्या बागेकडे उघडणारी, झोपायच्या खोल्या वेगळ्या. काय कुठे ठेवायचं हे बरंचसं राहणाऱ्यावर सोडलेलं. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याने एका लेखात ही भूमिका मांडली. घर छोट्या गावासारखं असावं, त्यात वाटा असाव्यात आणि वाटांवर थांबण्याच्या जागा असाव्यात, असा त्याचा आशय होता. उतारावर ही कल्पना विशेष पटते. तिथे घरातून बागेत जाणं ही मुळात एक चढ-उताराची वाट असते. तिच्यावर बसायला जागा ठेवली तर चढण त्रासाची राहत नाही.

म्हणजे ल कॉर्बुझिएने कुटुंब कसं राहील ते आधी ठरवलं आणि घर त्याप्रमाणे काढलं. फ्रांकने राहणाऱ्याचं मत बदलेल हे गृहीत धरून घर काढलं.

माणसं राहायला आली

प्रदर्शन संपलं आणि घरं भाड्याने गेली. ल कॉर्बुझिएच्या जुळ्या घराला भाडेकरू मिळणं सोपं गेलं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्या आतल्या भागात फेरफार झाले. राहणाऱ्यांना रात्री भिंत ओढून तयार होणारी खोली नको होती, भिंत असलेली खोली हवी होती.

त्यानंतर राजकारण आलं. वसाहत उभी राहण्याआधीच, १९२६ मध्ये, स्थानिक वास्तुकार पाउल बोनात्सने तिची तुलना जेरुसलेमच्या उपनगराशी केली होती. नाझी काळात उंट आणि अरब चिकटवलेलं 'अरबांचं खेडं' असं पोस्टकार्ड निघालं. सपाट गच्ची हा आता वंशाचा मुद्दा झाला होता. जवळच १९३३ मध्ये उतरत्या छपरांची, लाकडी घरांची कोखेनहोफ वसाहत मुद्दाम उत्तर म्हणून बांधली गेली. ज्यू असलेल्या फ्रांकने त्याच वर्षी ऑस्ट्रिया सोडून स्वीडन गाठलं. तिथे स्वेन्स्क्त टेन या दुकानासाठी त्याने काढलेली फुलापानांची कापडं आजही विकली जातात. वाइसेनहोफ पाडून तिथे लष्करी इमारत बांधायची योजना झाली, पण ती कागदावरच राहिली. युद्धात बॉम्बनी काही घरं पाडली, युद्धानंतर आणखी काही पाडली गेली. १९५८ मध्ये वसाहतीला संरक्षण मिळालं. मूळच्या २१ पैकी ११ इमारती आज उभ्या आहेत आणि ही दोन्ही जुळी घरं त्यांत आहेत.

२००२ मध्ये श्टुटगार्ट शहराने ल कॉर्बुझिएचं जुळं घर विकत घेतलं. दुरुस्तीनंतर २००६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. एका अर्ध्यात वसाहतीचा इतिहास मांडला आहे आणि दुसरा अर्धा १९२७ सारखा केला आहे: सरकत्या भिंती, कपाटाखालचे पलंग, अरुंद बोळ. २०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या १७ वास्तूंना जागतिक वारसा म्हटलं. त्या यादीत हे घरही आहे आणि चंडीगडचा कॅपिटॉल परिसरही.

फ्रांकचं घर त्या यादीत नाही. तिथे लोक राहतात.

या दोन वाक्यांवरून फ्रांक जिंकला असं म्हणायचा मोह होतो, पण तो खोटा ठरेल. उतारावर खांबांवर घर उचलायचं, अंगण गच्चीवर न्यायचं आणि दरीकडची भिंत मोकळी करायची, ही ल कॉर्बुझिएची युक्ती आपण सगळ्यांनी उचलली आहे. पुण्यातल्या टेकड्यांना खेटून उभ्या असलेल्या सोसायट्या बघा. स्टिल्टवर उचललेली इमारत, वर टेरेस, समोर 'व्हॅली व्ह्यू'. त्या युक्तीबरोबर तळाची खोलीही आलीच. वॉचमनची केबिन, ड्रायव्हरचा बाक आणि कामवाल्या बाईंसाठीचं संडास हे सगळं पार्किंगमध्ये, डोंगर कापून बांधलेल्या रिटेनिंग वॉलच्या पायथ्याशी असतं. जुलैमध्ये त्या भिंतीतून पाणी झिरपतं.

दोन भावांचं घर असो की दोन कुटुंबांचा बंगला, नकाशावर आपण दोनच नावं लिहितो आणि मग दोघांना सारखं मिळालं का ते मोजतो. घरात दिवसाचे आठ-दहा तास काढणारं तिसरं माणूस त्या मोजणीत नसतं. उताराच्या जागेचा नकाशा हातात आला की वरून खाली न वाचता खालून वर वाचावा. सर्वात खालच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे आणि तिच्या मागच्या भिंतीतलं पाणी कुठून बाहेर पडणार आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. दोन्हींची उत्तरं असतील तर वरच्या मजल्यांचं नंतर बघता येतं.