बाउंड्रीबाहेरचे आई-बाबा

मुंबईतलं शालेय क्रिकेट शंभर वर्षांहून जुनं आहे. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची हॅरिस शील्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, पाठोपाठ लहान मुलांची गाइल्स शील्ड आली. धावा कुणी किती केल्या ते वर्तमानपत्रांत छापून येत गेलं. बाउंड्रीबाहेर कुणाचे आई-बाबा उभे होते, त्याची नोंद कोण ठेवणार?

खरं तर आमच्या पिढीत ते फारसे नसायचेच. सामना कामाच्या दिवशी असायचा. मुलगा किटबॅग घेऊन लोकलनं आझाद मैदान गाठायचा आणि संध्याकाळी घरी एकच प्रश्न व्हायचा, "किती काढल्यास?"

म्हणून पालकांना आस्था नव्हती असं नाही. माधव मंत्रींची बहीण आणि सुनील गावसकरांची आई मीनलताई चिखलवाडीतल्या घरात लेकाला टेनिस बॉलनं गोलंदाजी करायच्या. एकदा फटका थेट नाकावर बसला, रक्त आलं. तोंड धुऊन त्या पुन्हा बॉल टाकायला उभ्या!

सचिनचं उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांसमोर तो आधी बुजला. मोठ्या भावानं, अजितनं, सरांना लांबून बघायची विनंती केली. सर झाडाआड गेले आणि पोरगं मोकळं खेळलं. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात त्यानं आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. आई रजनीताईंनी मात्र त्याला मैदानात बसून पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवरच्या शेवटच्या कसोटीत.

नंतर अकादम्या आल्या, रविवारचे सामने आले, हातात मोबाइल आले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे यानं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि एका रात्रीत सगळ्या देशाच्या नजरा त्या कोवळ्या पोरावर खिळल्या. पुढे खेळ मनासारखा होईना, तेव्हा मिळत असलेली शिष्यवृत्ती थांबवा, असं त्याच्या घरच्यांनीच कळवलं. नजरांचंही ओझं होतं, ते असं.

हे सगळं आज आपल्या स्मरणिकेत लिहायचं कारण आपल्याच आवारात आहे. गेल्या मे महिन्यातल्या सामन्यात दहा वर्षांचा एक मुलगा बोल्ड झाला. त्यानं मागे वळून स्टंप पाहिले नाहीत. आधी बाबांचा चेहरा पाहिला. तिकडून "पाय कुठे होता तुझा?" अशी आरोळी आली. पुढच्या रविवारी तो खाली खेळायला उतरलाच नाही.

आपल्या मुलांपैकी कुणी रणजी खेळेल का, सांगता येत नाही. पण आणखी पंचवीस वर्षांनी त्यांना हे आवार आवडीनं आठवावं, एवढं आपल्या हातात आहे. समितीला एक सुचवावंसं वाटतं: यंदा पालकांच्या खुर्च्या जरा लांब, गेटजवळच्या सावलीत मांडाव्यात. टाळ्या दोन्ही बाजूंना वाजवाव्यात, आउट झालेल्याला आधी सरबत द्यावं. पाय कुठे होता ते त्याला ठाऊक असतं.