शिंपले घरात आणताना

तिसऱ्यांची एकशिपी करताना प्रत्येक तिसरीचा मांस असलेला अर्धा भाग कढईत जातो आणि उरलेला अर्धा कचऱ्यात. किनारपट्टीच्या घरांत हे इतके नेहमीचे आहे की त्या टाकलेल्या अर्ध्या शिंपल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तेच घर सजवायची वेळ आली की मात्र आपण शिंपल्यांसाठी किनाऱ्यावर किंवा पर्यटकांच्या दुकानात जातो. सजावटीचे उत्तम सामान आधीच स्वयंपाकघरात असते. किनाऱ्यावरचे आणि दुकानातले काही शिंपले मात्र घरात न आणलेलेच बरे. कोणते घ्यावेत, कसे स्वच्छ करावेत, त्यांचे काय करावे आणि कशाला हात लावू नये, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे.

आपल्या घरांतील जुना वापर

शंख-शिंपल्यांचा घरगुती वापर आपल्याकडे नवा नाही. देवघरात शंख असतोच. कवड्यांवर सारीपाट खेळला जाई. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते आणि बैलांच्या साजातही कवड्या ओवल्या जातात. एके काळी कवडी हे चलनच होते. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द त्या व्यवहारातून आले. कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करत आणि तो बांधकामात व भिंतींच्या रंगकामात वापरत. म्हणजे कित्येक जुन्या घरांच्या भिंतींतही समुद्र आहे.

या सर्वांत देखणा वापर म्हणजे गोव्यातील शिंपल्यांच्या खिडक्या. ‘प्लॅकुना प्लासेंटा’ या जातीचा शिंपला चपटा, पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. काच महाग होती तेव्हा या शिंपल्यांच्या कडा कापून चौकोनी तुकडे करत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक बसवत. अशा खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, मऊ दुधी उजेड येतो. बाहेरच्याला आतले दिसत नाही. पणजीच्या फोंतेनसमध्ये आणि गोव्यातील अनेक जुन्या घरांत व चर्चमध्ये या खिडक्या आजही पाहता येतात. काच स्वस्त झाल्यावर मात्र त्या मागे पडल्या आणि जुनी घरे पाडताना त्यांतल्या कित्येक नाहीशा झाल्या.

कायदा काय सांगतो

हा खिडकीचा शिंपला आज संरक्षित आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पण त्याच्या अनुसूचींत शंख-शिंपल्यांच्या २४ जातींची यादी २००१ मध्ये आली. प्लॅकुना त्या यादीत आहे. झुआरी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत त्याची वस्ती आहे. त्यामुळे खिडकी दुरुस्त करायची म्हणून नवे शिंपले गोळा करणे किंवा विकत घेणे योग्य नाही. खिडकीतले काही तुकडे फुटले असतील तर दुसऱ्या एखाद्या मोडक्या झडपेतले चांगले तुकडे काढून एका झडपेत एकत्र करावेत आणि उरलेल्या जागी दुधी काच बसवावी. जुन्या घराची डागडुजी चालू असेल तर सुताराला आधीच सांगून ठेवावे की या झडपा फेकायच्या किंवा विकायच्या नाहीत.

मोठा ट्रायटन शंख, शिंगे असलेला हेल्मेट शंख, नॉटिलस, ट्रायडॅक्ना हे महाकाय शिंपले, बोटांसारखे काटे असलेले लॅम्बिस शंख आणि टॉप शंख म्हणून विकला जाणारा ट्रोकस यांनाही याच कायद्याने संरक्षण आहे. दुकानात हे पॉलिश करून, त्यांवर देवादिकांची नावे कोरून किंवा त्यांचे दिवे करून विकायला ठेवलेले दिसतात. दुकानात उघड विकले जाते म्हणून ते घ्यायला हरकत नाही, असे समजू नये. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना भेट पाठवतानाही विचार करावा. नॉटिलस आणि महाकाय शिंपले यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर वेगळे निर्बंध आहेत आणि विमानतळावर अशा वस्तू अडवल्या जाऊ शकतात. पूजेत वापरला जाणारा नेहमीचा पांढरा शंख या यादीत नाही.

किनाऱ्यावर वेचताना

लाटांनी झिजलेले, मोकळे पडलेले नेहमीचे शिंपले थोडेफार वेचायला हरकत नाही. दोन्ही झडपा घट्ट मिटलेला जड शिंपला बहुधा जिवंत असतो, तो पाण्याकाठी परत ठेवावा. शंख उचलला तर त्याच्या तोंडाशी पाहावे. आत झाकण दिसले तर गोगलगाय जिवंत असण्याची शक्यता आहे. झाकण नसले तरी शंख ओल्या वाळूवर पाच-दहा मिनिटे ठेवून वाट पाहावी, कारण रिकाम्या शंखात घर करणारा हर्मिट खेकडा आत असू शकतो. त्याचे पोट मऊ असते आणि शंख हेच त्याचे चिलखत. वाढत्या अंगाबरोबर त्याला मोठा शंख शोधावा लागतो. म्हणून चांगले, अखंड शंख किनाऱ्यावरच राहू द्यावेत आणि आपण झिजलेले, तुटके तुकडे घ्यावेत. सजावटीला तेच जास्त शोभतात.

मुलांना दाखवण्याजोगी एक गोष्ट: काही शिंपल्यांच्या बिजागरीजवळ एक गोल, नीटस भोक असते. चांद-शंखासारख्या मांसाहारी गोगलगायी शिंपला पोखरून आतले मांस खातात, तेव्हा ते पडते. असे शिंपले बाजूला ठेवावेत. माळ ओवायला ते तयारच असतात.

स्वच्छता

१. स्वयंपाकघरातले शिंपले (तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे) जेवणानंतर लगेच धुवावेत. दहा मिनिटे उकळून उरलेले मांस आणि बिजागरीचा काळा चिवट भाग काढावा.

२. जुन्या दातघासणीने घासावे. नंतर साध्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. मीठ आत राहिले तर पावसाळ्यात ते ओल ओढते आणि शिंपले चिकट होतात.

३. वास किंवा शेवाळ जात नसेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी यांत अर्धा तास ठेवून स्वच्छ धुवावे. रबरी हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

४. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी शिंपले घासू नयेत. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाने त्याचा पृष्ठभाग विरघळून कायमचा निस्तेज होतो.

५. वाळवणे सावलीत. कडक उन्हात रंग उडतात. चकाकी हवी असेल तर पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल लावू नये, त्यावर धूळ बसते आणि कालांतराने खवट वास येतो.

घरी करता येण्याजोगे

तोरण किंवा झुंबर. तिसऱ्यांचे शिंपले मोठ्यापासून लहानापर्यंत लावून सुंभात किंवा जाड सुती दोऱ्यात ओवावेत. भोक पाडताना शिंपला पाण्याच्या ताटलीत ठेवून बारीक हातड्रिल हळू फिरवावे. कोरड्या शिंपल्याची धूळ फुफ्फुसांना अपायकारक असते, म्हणून मास्क आणि चश्मा घालावा. हे काम मोठ्यांनीच करावे, ओवायचे काम मुलांना द्यावे.

आरशाची किंवा तसबिरीची चौकट. शिनाण्यांच्या शिंपल्यांची आतली बाजू मोतिया आणि कडा हिरवट-निळ्या असतात. एकावर एक खवल्यांसारखे लावले तर वेगळा रंग द्यावा लागत नाही. पांढरा गोंद दमट हवेत सुटतो, त्यासाठी दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद वापरावा.

गणपतीचे मखर. थर्मोकोलऐवजी पुठ्ठ्याच्या पाठीवर शिंपले दोऱ्याने बांधले तर विसर्जनानंतर सोडवून डब्यात ठेवता येतात आणि पुढच्या वर्षी वेगळी रचना करता येते.

पणत्या. कालवांचे खोलगट शिंपले वाळूच्या ताटलीत बसवून त्यांत मेण आणि वात घालावी. शेजारी कागद किंवा पडदा नसावा.

जपणूक आणि मांडणी

शिंपले प्लायवूडच्या बंद कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षानुवर्षे ठेवले तर त्यांवर पांढरी भुकटी येते. लाकूड आणि पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिंपल्यावर बसतात, त्याचा हा परिणाम असतो. संग्रहालयांत याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. हवा खेळती ठेवावी किंवा काचेची बरणी वापरावी.

सगळे घर समुद्राने भरण्याची गरज नाही. मातीचा गिलावा, काथ्याचे दोर, नारळाच्या झावळांचे विणकाम, जांभा दगड, निळ्या-पांढऱ्या टाइल्स या आपल्या किनाऱ्याच्या स्वतःच्या वस्तू आहेत. त्यांच्याजवळ शिंपल्यांची एखादी वस्तू पुरेशी असते.

ज्यांच्या घरी शिंपल्यांची खिडकी अजून उभी आहे, त्यांनी आधी तिचीच धूळ पुसावी. दुसऱ्या कुठल्याही सजावटीपेक्षा ती मोलाची आहे आणि आता तशी नवी मिळणार नाही.