सांबराचे शिकारी, फोर्टातलं दारूचं दुकान आणि आपला ठाणे जिल्हा

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. राजकारण नाही, म्हणजे थोडं आहे, पण आजच्या पक्षांचं नाही.

आजच्या पिढीला हे खरं वाटणार नाही, पण या देशात जंगली जनावर वाचवण्याचं संघटित काम ज्या मंडळींनी सुरू केलं, त्यात अनेकजण पक्के शिकारी होते. ही मंडळी जमली ती मुंबईत, आणि त्यांच्या बंदुकांचे बार निघायचे ते बऱ्याचदा आपल्या जिल्ह्यात. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आताचं ठाणे अधिक पालघर, शिवाय साष्टीही, म्हणजे वांद्र्यापासूनचं आजचं मुंबई उपनगर. येऊर, तुंगारेश्वर, तानसा, शहापूर, मुरबाड, माहुली ही सगळी शिकारीची रानं. गिऱ्हाईक मुख्यतः वाघ, बिबट्या, डुक्कर आणि सांबर.

सांबराबद्दल एक गंमत. अमेरिकेत एल्क नावाचं मोठं हरीण आहे. आपल्याकडे ते नाही. पण सिलोनमध्ये आणि दक्षिण हिंदुस्थानात गेलेल्या गोऱ्या शिकाऱ्यांनी आपल्या सांबरालाच सर्रास 'एल्क' म्हणून टाकलं. सॅम्युएल बेकरने १८५४ साली सिलोनच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यातला एल्क म्हणजे सांबरच. त्या अर्थाने आपले माहुलीचे शिकारी म्हणजे एल्कचेच शिकारी. आणि 'सांबर' म्हटल्यावर ज्यांना इडलीच आठवते त्यांनी घरातल्या आजीला विचारावं. छातीत दुखलं की सहाणेवर सांबरशिंग उगाळून लावायची पद्धत आपल्या घराघरांत होती. ते शिंग जायचं कुठून?

तर गोष्ट अशी. १५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. सहा गोरे, दोन मराठी. त्या दोघांची नावं आपल्याला पाठ असायला हवीत, पण नसतात. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे अभ्यासक आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या रखमाबाईंचा खटला पुढच्याच वर्षी उभा राहिला आणि सगळा देश त्यावर भांडला, त्याच त्या. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये वारले.

त्या आठ जणांनी ठरवलं काय, तर महिन्यातून एकदा भेटायचं, आपापल्या नोंदी एकमेकांना सांगायच्या, काही खास नमुना मिळाला तर दाखवायचा आणि एकमेकांना मदत करायची. बस्स. ना मोठा जाहीरनामा, ना सरकारी अनुदान. त्यातून उभी राहिली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी.

आता शीर्षकातलं दारूचं दुकान. पहिल्या काही महिन्यांतच जागेचा प्रश्न आला. एच. एम. फिप्सन नावाचे वाइनचे व्यापारी होते, त्यांचं फोर्टात फोर्ब्स स्ट्रीटवर दुकान होतं. त्यांनी १८८४ च्या जानेवारीत दुकानातली एक खोली सोसायटीला देऊन टाकली. आता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला वाइनच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला शिंगं, कातडी, स्पिरिटमधले साप. जिल्ह्यातून सुट्टीवर आलेला कोणी कलेक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी मिठागरावरचा अधिकारी तिथे डोकावणार आणि सांगणार, अमुक ठिकाणी अमुक दिसलं. पुढे कारवारहून आणलेला एक गरुड धनेश, त्याचं नाव विल्यम, सोसायटीच्या कचेरीत १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला. आजही संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच आहे.

१८८६ मध्ये सोसायटीचं नियतकालिक निघालं. संपादक ई. एच. एटकिन आणि आर. ए. स्टर्नडेल. एटकिन कस्टम्स आणि मीठ खात्यातले नोकर, 'एहा' या नावाने लिहायचे. मला यात महत्त्वाचं काय वाटतं, तर लिहिणाऱ्याला पदवी विचारली जात नव्हती. कुठल्यातरी तालुक्यात पडलेला एकटा अधिकारी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात लिहायचा की आज मारलेल्या सांबराच्या शिंगांची लांबी इतकी, पोटात अमुक झाडाचा पाला होता. ते छापलं जायचं. मग दुसऱ्या टोकाचा कोणी लिहायचा, नाही हो, माझ्याकडे वेगळं दिसलं. शिकाऱ्याची बढाई जगभर सारखीच असते, पण इथे बढाई मारली तर चार जाणते ती मोजपट्टी लावून तपासणार होते. त्यामुळे गप्पांची नोंद झाली, आणि नोंदींचं शास्त्र.

१९११ मध्ये या मंडळींनी देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. ती १९२३ पर्यंत चालली. पैसा बराचसा सभासदांच्या वर्गणीतून, आणि प्राणी अर्थातच मारून गोळा केलेले. आज ऐकायला कसंतरी वाटतं. पण कुठल्या डोंगरात कुठली खार होती हे आज आपण सांगू शकतो ते त्या कातड्यांमुळे.

याच मंडळींतली १९०८ ची गोष्ट अनेकांना माहीत आहे, तरी सांगतो. खेतवाडीत राहणाऱ्या एका पोराने एअरगनने चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. अकरा-बारा वर्षांचा, काळा, बुजरा मुलगा आणि समोर गोरा साहेब. साहेबाने हाकललं नाही. पिवळ्या कंठाची चिमणी म्हणून ओळखून दिली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, कातडी कशी काढून टिकवायची ते शिकवायची सोय केली. तो पोरगा सालिम अली. मिलार्ड त्या दिवशी कामात असते, किंवा 'नंतर ये' म्हणाले असते, तर? बातमीदारीच्या वीस वर्षांत मी इतक्या कचेऱ्यांमध्ये 'नंतर या' ऐकलंय की मला त्या चिमणीपेक्षा त्या साहेबाचंच जास्त कौतुक वाटतं.

आता दुसरी बाजू. ही सांगितल्याशिवाय पोस्ट पुरी होत नाही.

साहेब मंडळी फोर्टात बसून नोंदी करत होती, नेमक्या त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यातलं रान पेटलं होतं. १८७८ च्या जंगल कायद्याने रानं सरकारी राखीव झाली. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकांना सांगायला नको. झाडाच्या फांद्या, पाला, शेण पसरून जमीन भाजायची, मग त्यावर रोप टाकायचं. त्या फांद्या तोडायलाच मनाई झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. म्हणजे बघा, नियतकालिकाचा पहिला अंक १८८६ चा. त्याच वर्षी एकाच रानाबद्दल दोन कागद तयार होत होते. एकात सांबराच्या शिंगांची लांबी, दुसऱ्यात कुणब्याची आणि वारल्याची कुऱ्हाड. साहेबाच्या बंदुकीला परवाना होता. कातकऱ्याच्या तिरकामठ्याला चोरी म्हणत होते.

आणि बंदूकवाल्या साहेबाला रान दाखवायचं कोण? हाच कातकरी, ठाकर, महादेव कोळी. शिकारीत हाका घालावा लागतो. पन्नास-शंभर माणसं डबे-ढोल वाजवत, ओरडत रान उठवत पुढे येतात आणि जनावर मचाणाकडे जातं. ही हाकाऱ्यांची फौज गावातून गोळा व्हायची. डुक्कर उलटलं तर पहिला मार त्यांनाच. मी त्या काळच्या बऱ्याच शिकारकथा वाचल्यात. साहेबाच्या बंदुकीची कंपनी असते, गोळीचा आकार असतो, कुत्र्याचं नावसुद्धा असतं. हाकाऱ्याचं नाव शोधून दमायला होतं.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यात एका धरणाच्या बातमीसाठी गेलो होतो, तिथे एक म्हातारे ठाकर बाबा भेटले. तरुणपणी मुंबईच्या शेटलोकांबरोबर हाक्याला जायचे. म्हणाले, "शेट बार काढायचा रं, पन सांबर कंच्या पान्याव येतंय ते आमास्नी ठाव." मग तासभर बोलत होते. कोणत्या महिन्यात शिंगं गळतात, सांबर चिखलात कुठे लोळतं, बिबट्या जवळ असला की ते कसं 'पोंक' करून ओरडतं आणि पाय आपटतं. मजुरी काय मिळायची विचारलं. शिकार मिळाली तर मांसाचा वाटा, नाहीतर काही आणे. त्या दिवशी मी धरणाची बातमी दिली. बाबांचं बोलणं वहीतच राहिलं, कारण पेपरात त्याला जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर काय झालं ते थोडक्यात. जीपा आल्या, सर्चलाइट आले. रात्री गाडीत बसून दिव्याच्या झोतात जनावर मारणं सुरू झालं. जुन्या शिकाऱ्यांनाच याचा संताप यायचा, कारण पायी माग काढणाऱ्याला रानात जनावर किती उरलंय ते आधी कळतं. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा आला, त्याच्या मसुद्यामागे सोसायटीचे सचिव हुमायून अब्दुलअली होते. परवाने, बंदीचा मोसम, असं सगळं त्यात होतं. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने खेळ म्हणून शिकार हा प्रकारच संपला. आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवास बघा, बंदूक खाली ठेवून वही आणि दुर्बीण घेतलेला माणूस.

अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. तिथे शिकार चालू राहिली, परवान्याने, मोसमात, ठरलेल्या आकड्यात. १९८४ साली मोंटाना राज्यातल्या ट्रॉय नावाच्या छोट्या गावात चार शिकाऱ्यांनी मिळून एल्कसाठी संस्था काढली, रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन. ती एल्कच्या वावराच्या जमिनी राखते. आपल्याकडे तसं करावं असं मी अजिबात म्हणत नाही. इतक्या दाट वस्तीत आणि इतक्या थोड्या उरलेल्या रानात बंदूक नकोच. पण शिकारीबरोबर आपल्याकडून आणखी एक गोष्ट गेली, त्याबद्दल कुणी बोलत नाही. रानात रोज जाणाऱ्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांना खरं सांगणं.

हे आज का लिहितोय? नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात इमारतीत बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली, वन विभागाने कित्येक तासांनी त्याला बेशुद्ध करून पकडलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते दृश्य पाहिलंय. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात एका मॉलमध्ये फिरून बिबट्या शेजारच्या हॉटेलच्या तळघरात सापडला होता. दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, हा आला कुठून?

ठाण्याच्या बाबतीत उत्तर देता येतं. २००४ मध्ये नॅशनल पार्कच्या आसपास बिबट्यांनी अनेक माणसं मारली, तेव्हा हाहाकार झाला. बाहेर पकडलेले बिबटे तिथे आणून सोडणं हेही त्याचं एक कारण, असं अभ्यासकांचं म्हणणं. पुढे २०११ पासून वन विभागाने विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांना आणि शहरातल्या स्वयंसेवकांना सोबत घेतलं. पाड्यांवर, सोसायट्यांत जाऊन बोलणं झालं, कॅमेरे लागले. २०१५ च्या मोजणीत त्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखता येतो. आणि आता बघा, हे काम करणाऱ्यांचा ढाचा तोच, १८८३ चा. भेटा, नोंदी सांगा, मदत करा. फरक इतकाच की हातात बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे, आणि पाड्यावरचा माणूस या वेळी थोडा तरी जवळ बसलाय.

आमच्या बाजूला, म्हणजे मलंगगड, बारवी, मुरबाड, पुढे माळशेजपर्यंतच्या पट्ट्यात, इतकं बोलणं मला ऐकू येत नाही. बिबट्या दिसला की एक दिवस बातमी, दोन दिवस अफवा, तिसऱ्या दिवशी पाणीटंचाई. मधल्या काळात डोंगराच्या पायथ्याला टॉवर उभे राहतात. त्या डोंगरातून जनावरं कुठल्या वाटेने येत-जात होती हे ज्यांना पाठ होतं, ती हाका घालणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. जे गेले त्यांच्याबरोबर वाटाही गेल्या. उद्या कोणी रस्ता किंवा गृहसंकुल आखताना विचारलं की इथून जनावर जातं याला पुरावा काय, तर आपल्याकडे दाखवायला काय असेल?

वन विभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. एकेका वनरक्षकाच्या वाट्याला किती रान आहे ते मी पाहिलंय. पण ठाण्यात, डोंबिवलीत, बदलापुरात रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन निघणारी मंडळी आहेत. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर माग ओळखणारी म्हातारी माणसं आहेत. हे दोघे एका सतरंजीवर बसलेले मी अजून क्वचितच पाहिलेत.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. ठाकर बाबांची ती वही शोधून काढली, आणि पावसाळा संपला की त्याच भागातल्या पाच-सहा गावांत जाणार आहे. तुमच्या घरात, गावात कोणी हाक्याला गेलेलं असेल, कोणाच्या आजोबांकडे जुना शिकारीचा परवाना किंवा फोटो असेल, तर मला सांगा. गावाचं नाव, साधारण साल, कोणतं जनावर आणि कोणत्या डोंगरात, एवढं पुरे. आणि हाकाऱ्याचं नाव माहीत असेल तर ते आधी सांगा.