पॉप-अप मेला कुठे?

नरसी नामदेव म्हटलं की लोकांना संत नामदेव आठवतात, कयाधू नदी आठवते. मला गेल्या दिवाळीपासून तिथल्या आमच्या आजोबांचा टॅबलेटही आठवतो. अभंग वाचायला बसले की धाडकन लाल पाटी: तुमच्या टॅबलेटमध्ये १३ व्हायरस! "बाळा, बँकेतले पैसे जातील का रे?" आजोबांनी पासबुकच काढून ठेवलं होतं. व्हायरस एकही नव्हता, होती ती निव्वळ जाहिरात. आणि ब्राउझरचा पॉप-अप ब्लॉकर? तो चालूच होता!

हे समजायला जरा मागे जावं लागतं. पॉप-अप जन्माला आला तो चक्क सभ्यपणापायी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली ट्रायपॉड ही कंपनी लोकांना फुकटात वेबपानं देई आणि त्यांवर जाहिराती लावी. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नको त्या विषयाच्या पानावर झळकली आणि ती कंपनी भडकली. मग ट्रायपॉडच्या ईथन झुकरमनने कोड लिहिला: जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडायची. पान वेगळं, जाहिरात वेगळी, कुणाचा कुणाशी संबंध नाही. (२०१४ साली 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून त्याने जगाची माफीही मागितली. बिचारा!)

पुढे खिडक्यांचा पूर आला. ऑपेरा, मोझिला यांनी बांध घातला आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ब्लॉकर आला. नियम साधा: वापरणाऱ्याने क्लिक केलं नसताना खिडकी उघडत असेल, तर अडवा. मला हा नियम आवडतो, पण भोकही त्यातच आहे. पानभर एक अदृश्य थर पसरला की बोट कुठेही पडो, तो क्लिकच!

दुसरं भोक मोठं. एप्रिल २०१५ मध्ये क्रोम ४२ पासून वेबसाइट्सना नोटिफिकेशन पाठवता येऊ लागली. सोय चांगलीच, फक्त एकदा परवानगी द्यायची. जाहिरातवाल्यांनी नेमकं तेच हेरलं. "तुम्ही रोबो नाही ना? मग अलाउ दाबा." सरळमार्गी माणूस दाबतोच. त्यानंतर साइट बंद केली तरी पाट्या येत राहतात. ब्लॉकर त्यांना हात लावत नाही, कारण त्याच्या लेखी ती खिडकीच नाही.

म्हणून पाटीवरच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी दिलेल्यांच्या यादीतून अनोळखी नावं उडवा. तिथेच पॉप-अप आणि रीडायरेक्ट बंद आहेत ना, तेही बघा. ब्राउझर बंद असतानाही जाहिरात पडद्यावर येत असेल आणि यादी कोरी असेल, तर अलीकडे टाकलेलं एखादं टॉर्च नाहीतर वॉलपेपरचं ॲप संशयित धरा. ते काढा. फॅक्टरी रीसेट मारून नातवंडांचे फोटो घालवायची मुळीच गरज नाही.