‘अर्धसत्य’मधला फौजदार

१९७३ च्या ‘जंजीर’मध्ये शेवटी तेजा संपतो, आणि प्रेक्षक समाधानानं घरी जातो. १९८३ च्या ‘अर्धसत्य’नं हे समाधान हिरावलं. कथा आपल्या श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. हवालदार बापाच्या हट्टानं खाकी चढवलेला फौजदार वेलणकर, म्हणजे ओम पुरी, मुंबईत रामा शेट्टीला धरू पाहतो. पण वरचे हात आडवे येतात. (हे हात खेड्यातही ओळखीचे असतील!) कोंडलेला राग कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो, तो मरतो. आता नोकरी वाचवायला वेलणकर जातो कुणाकडे? त्याच शेट्टीच्या दारी! सदाशिव अमरापूरकरांचा शेट्टी सुचवतो, माझा माणूस हो. वेलणकर त्याचा गळा आवळतो, अन् स्वतःच ठाण्यात हजर होतो.