साथ आली की मनाचा नंबर शेवटी का लागतो?

१८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेगने माणसं मरत होती. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला, जेमतेम चार कलमांचा. सरकारला अधिकार होते, मोडणाऱ्याला शिक्षा होती. घाबरलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र कुठेच नव्हतं. पुण्यात रँडच्या अमलात सोजीर घराघरांत शिरले. लोक रोगापेक्षा तपासणीलाच जास्त भ्यायले आणि आजारी माणसं लपवू लागले. म्हणजे भीतीनेच साथीला हातभार लावला.

१२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपण तोच कायदा बाहेर काढला. मधल्या काळात बरंच घडलं होतं: १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम, आणि उपचाराला हक्क मानणारा २०१७ चा कायदा. बंगळुरूच्या निम्हान्सने फोनवर समुपदेशन लवकर सुरू केलं, हेही मान्य. पण लॉकडाऊन २५ मार्चला, आणि केंद्राची ‘किरण’ हेल्पलाइन ७ सप्टेंबरला! ‘टेली मानस’ तर थेट १० ऑक्टोबर २०२२ ला.

फोन हवाच. पण एका खोलीत सहा माणसं असतील, तर बोलणार कुठे? रोजच्या गोळ्या शहरातून आणायच्या, आणि एसटी बंद! दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना तरी कोणी विचारलं, ‘ताई, तुम्हाला झोप लागते का?’

ही तयारी साथ नसतानाच करायची असते. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात मनाच्या आजारावरच्या गोळ्या आणि समुपदेशन मिळतं का? आणि आज कोणाला गरज असेल, तर टेली मानसचा नंबर १४४१६.