मुले ही आजचीच मंडळी

चर्चमधली मुलांची आणि तरुणांची सेवा हा अभ्यासाचा विषय आहे, असे म्हटले की पुष्कळांना नवल वाटते. उपासना चालू असताना मुलांना मागच्या खोलीत बसवायचे, गोष्ट सांगायची, रंगवायला चित्र द्यायचे. यात अभ्यासण्यासारखे काय? ही शंका घेऊन येणाऱ्या वाचकाचेही या पुस्तकात मनापासून स्वागत आहे. मुलांना मंडळी कुठे बसवते यावरून ती स्वतःला काय समजते हे कळते. शुभवर्तमानात शिष्य बालकांना अडवतात तेव्हा प्रभू येशू शिष्यांवरच रागावतो. एवढ्याशा प्रसंगात एवढा राग का, या प्रश्नापासून अभ्यासाला सुरुवात करावी.

मग इतिहासाकडे वळावे. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवत रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत. १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल सुरू केले ते आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना मोकळा दिवस एकच, म्हणून अक्षरओळख आणि बायबल दोन्ही रविवारी. आज आपण ज्याला नुसता धर्माचा तास समजतो, त्याच्या मुळाशी मुलाच्या पोटापाण्याचा आणि शिक्षणाचा विचार होता, हे विसरू नये.

मराठी वाचकाने मात्र अधिक रेंगाळावे ते अमेरिकन मराठी मिशनपाशी. या मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची लेखणी त्याला लाभली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवले, आणि मुलांसाठी लिहिताना कधी आवाज चढवला नाही की बोबडे बोलले नाहीत. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना अवघा महाराष्ट्र ओळखतो. ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलेही त्यांच्या कविता शाळेत शिकली. धर्मशिक्षकाला याहून चांगला गुरू मराठीत मला तरी दिसत नाही.

आपल्या इंदुरात मुलांच्या सेवेचा हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. होळकरांमुळे मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे आले. १८८७ मध्ये सुरू झालेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांच्याच कामातून उभे राहिले. कॅथलिक धर्मप्रांत १९५२ चा. अशा शहरात एखादे ख्रिस्ती मूल आजीशी मराठी बोलते, उपासना हिंदीत ऐकते आणि शाळेत इंग्रजी वाचते. भीती वाटली की ते कोणत्या भाषेत देवाला हाक मारते, हे त्याच्या शिक्षकाला ठाऊक असायलाच हवे.

याच परिसरातली एक गोष्ट मोठ्या मुलांसमोर ठेवावी. देवास जिल्ह्यातील उदयनगरला भूमिहीन आदिवासींसोबत काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. क्षमा म्हणजे काय, हे सांगायला दूरच्या देशातले उदाहरण कशाला हवे? मात्र ही गोष्ट घाईने सांगू नये. तरुणांना आधी संताप येतो, आणि तो येऊ द्यावा.

प्रेमाइतकीच दक्षता लागते. २०१२ चा पॉक्सो कायदा चर्चच्या खोलीतही लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ते प्रकरण चर्चच्या समितीत मिटवता येत नाही. पुस्तकातले याविषयीचे प्रकरण कोणीही नुसते चाळून पुढे जाऊ नये.

तरुणांविषयी २०१८ मध्ये रोमला धर्मसभा भरली आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून प्रबोधनपत्र लिहिले. त्यात तरुण हे देवाचा ‘आज’ आहेत, उद्याची नुसती आशा नव्हेत, असा आग्रह आहे. आपल्याकडे मात्र तरुणांच्या वाट्याला नाताळची सजावट आणि खुर्च्या लावणे येते. हिशेब आणि निर्णय वडीलधाऱ्यांकडे राहतात. म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी आपल्या मंडळीची जुनी हजेरीवही काढावी आणि दृढीकरणानंतर पुन्हा न दिसलेली नावे वेगळ्या कागदावर उतरवावीत. पहिले प्रकरण त्या मुलांविषयीच आहे.